अर्नातचा किल्ला

करकच्या किल्ल्याच्या पश्चिम तटावर उभं राहून आमच्या वाटाड्याने हात बाहेर पोकळीत लांबवला. "इथून ढकलायचा," तो म्हणाला. "आधी कैद्याच्या डोक्याभोवती लाकडी खोकं बसवायचं, म्हणजे डोकं आपटून तो वाटेतच मरू नये. सगळं कळत कळत खाली जायला हवा." तटाखाली दगडांनी बांधून काढलेला घसरता उतार होता, त्याच्याखाली दरी, आणि दरीच्या पार टोकाला मृत समुद्र पत्र्यासारखा चमकत होता. वाऱ्याने माझी ओढणी तोंडावर आली. भाचीने दंड धरून मला मागे ओढलं. "मावशी, कठड्याला टेकू नकोस. दगड सुटे आहेत."

खोक्याची ही गोष्ट मी निघण्याआधी प्रवासाच्या दोन पुस्तकांत वाचली होती. तिच्यावर माझा विश्वास नाही. या किल्ल्याच्या धन्याचे गुन्हे ज्यांनी हिशेबाच्या वहीसारखे मांडून ठेवले, ते त्याचे वैरीच होते, आणि त्यांच्या हकिगतींत मला हे खोकं कुठे भेटलं नाही. मग आठशे वर्षांनंतरही ते लोकांच्या तोंडी का राहावं? मी जॉर्डनला गेले ती खरं तर या एका माणसासाठी. भाची तीन वर्षं अम्मानमध्ये नोकरीला आहे, "पेट्रा बघायला ये" म्हणून मागे लागली होती. मी तिला सांगितलं, पेट्रा बघू, पण आधी करक.

फ्रेंच लोक त्याला शातियोंचा रेनाल्ड म्हणतात. अरबी इतिहासकारांनी त्याला 'अर्नात' केलं, आणि करकमध्ये आजही तेच नाव चालतं. चहावाल्याला मी "अर्नात?" एवढंच विचारलं, तर त्याने किल्ल्याकडे बोट केलं आणि पाठोपाठ तेच बोट स्वतःच्या गळ्यावरून फिरवलं. गावात त्याचा वैरी, इजिप्त-सिरियाचा सुलतान सलाहुद्दीन, याचा अश्वारूढ पुतळा आहे. अर्नातचा अर्थातच नाही. दमास्कसच्या किल्ल्यासमोर मात्र 1993 साली उभारलेलं सलाहुद्दीनचं मोठं शिल्प आहे, त्यात घोड्याच्या मागच्या बाजूला दोन हरलेले फिरंगी बसवले आहेत. एक जेरुसलेमचा राजा गी, आणि दुसरा हा.

अम्मानहून आम्ही जुन्या राजमार्गाने निघालो. वाळवंटातला नवा रस्ता सरळ आणि लवकर पोचवणारा आहे, पण अर्नात कळायचा असेल तर डोंगरातली ही जुनीच वाट धरायला हवी. मादाबा सोडलं की गव्हाची शेतं लागतात, आणि मग एकाएकी जमीन फाटते. वादी मुजिबची ती दरी उतरून पुन्हा चढायला आमच्या गाडीला पाऊण तास लागला. उंटाच्या तांड्याला किती लागत असेल! दमास्कसहून इजिप्तला जाणारा व्यापारी घ्या, मक्केला निघालेला यात्रेकरू घ्या, या पट्ट्यावरून गेल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं. एका बाजूला मृत समुद्राचा खड्डा, दुसऱ्या बाजूला वाळवंट, आणि मधल्या चिंचोळ्या पठारावर करक आणि शौबक हे दोन किल्ले. तांड्यांकडून जकात घ्यायची आणि त्यांना सुखरूप जाऊ द्यायचं, असा तह असेल तेव्हाचा रिवाज होता. दोन्ही धर्मांच्या लोकांचं त्यावर पोट चालायचं. तो रिवाज याने मोडला.

माझं माहेर पन्हाळ्याच्या वाटेवरचं. वडील किल्ल्यावर न्यायचे तेव्हा बुरूज आणि तोफा सगळ्यांत शेवटी. आधी पाणी, मग धान्य. अंबरखान्याच्या गार अंधारात उभं करून ते विचारायचे, "1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा या गडावर माणसं किती होती आणि ती रोज खात काय होती, सांग." त्या वयात तो प्रश्न मला फार कंटाळवाणा वाटे. पुढे तीच सवय लागली. करकच्या दारातून आत शिरतानाही माझी नजर टाकं शोधत होती.

किल्ला 1142 च्या सुमाराचा. पेयन नावाच्या क्रुसेडर, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपी ख्रिस्ती लोकांतल्या, सरदाराने तो बांधायला घेतला. डोंगराची एक सोंड दक्षिणेकडे निमुळती होत जाते, तिच्यावर साधारण 220 मीटर लांबीचा हा दगडी गठ्ठा बसवलेला आहे. उत्तरेला गाव आणि किल्ला यांच्यामध्ये खोदलेला खंदक, दक्षिणेला दुसरा खंदक, कारण त्या बाजूला उम्म अल-थल्ज नावाचा उंच डोंगर किल्ल्याच्या उरावर येतो. शत्रूने दगडफेकी यंत्रं मांडायची तर तिथेच. पाणी त्याच दक्षिण खंदकात साठवलेलं. ते बघितलं आणि मला बरं वाटलं, किल्ला बांधणाऱ्याला अक्कल होती. भिंतींचे दोन रंग नीट बघितले की इतिहास वाचता येतो. काळपट, ओबडधोबड, जेमतेम टाकी लावलेला दगड क्रुसेडरांचा. फिकट, रेखीव घडवलेला चुनखडीचा दगड नंतरच्या मुसलमान राजवटींचा. एका भिंतीत शिर नसलेली जुनी नबातियन मूर्तीची छाती चिणलेली आहे. ज्याला जो दगड हाताशी लागला तो त्याने लावला.

रेनाल्ड काही या दगडांचा वारस नव्हता. फ्रान्समधल्या एका सरदाराचा हा धाकटा मुलगा, 1125 च्या सुमाराचा. धाकट्याच्या वाट्याला जमीन येत नसे. 1147 मध्ये दुसऱ्या क्रुसेडबरोबर तो पूर्वेला आला, आणि बाकीचे परतले तेव्हा हा मागे राहिला. 1153 मध्ये अँटिओकची विधवा राणी कॉन्स्टन्स हिने त्याच्याशी लग्न केलं. तिने भल्याभल्या राजघराण्यांतली स्थळं नाकारली होती, आणि शेवटी निवडला तो एक साधा भाडोत्री शिपाई, याचं टायरचा आर्चबिशप विल्यम याला लिहिताना अजून आश्चर्य वाटतंय असं दिसतं. मला वाटत नाही. एकामागून एक येणाऱ्या स्थळांना कंटाळलेल्या बाईने एकदा आपल्या मनासारखं केलं, एवढंच.

पण विल्यमने पुढे जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. अँटिओकच्या म्हाताऱ्या धर्मगुरूने, एमेरीने, या लग्नाला नावं ठेवली होती, आणि सायप्रसवरच्या स्वारीसाठी पैसा द्यायलाही तो तयार नव्हता. रेनाल्डने त्याला मारहाण करून किल्ल्याच्या बुरुजावर नेलं, त्याच्या जखमी डोक्याला मध फासला आणि उन्हाळ्याच्या दिवसात उघड्यावर माश्यांना खायला बसवलं. धर्मगुरू स्वतःच्याच पंथाचा, कॅथलिक. जेरुसलेमच्या राजाने माणसं पाठवली तेव्हा त्याची सुटका झाली. रेनाल्डला स्वारीचे पैसे मिळाले. 1156 च्या सुमारास आर्मेनियन सत्ताधीशाला, थोरोसला, बरोबर घेऊन तो सायप्रसवर उतरला. सायप्रस बायझंटाइन सम्राटाचं, म्हणजे तेही ख्रिस्तीच. शेतं जाळली, मठ लुटले, बायकांवर अत्याचार झाले, आणि गावकऱ्यांची गुरं हाकून आणून ती त्यांनाच परत विकत घ्यायला लावली.

या शेवटच्या ओळीपाशी मी दर वेळी थांबते. जाळपोळ संतापाने होत असेल. शेतकऱ्याची गाय त्यालाच विकायची तर हिशेब करायला बसावं लागतं.

सम्राट मॅन्युएल सैन्य घेऊन आला तेव्हा 1158 च्या अखेरीला हाच माणूस गळ्यात दोरी बांधून, अनवाणी, तलवारीचं टोक स्वतःच्या हातात आणि मूठ समोर धरून त्याच्या छावणीत गेला आणि धुळीत पालथा पडला. सम्राटाने मुद्दाम बराच वेळ त्याच्याकडे बघितलं नाही. देशोदेशींचे वकील बघत होते. माफी मिळाली. दोन-तीन वर्षांनी सीमेवरच्या शेतकऱ्यांची गुरं लुटून परतताना तो अलेप्पोच्या सुभेदाराच्या हाती सापडला, आणि सुमारे पंधरा वर्षं अलेप्पोच्या किल्ल्यात कैदेत राहिला.

पंधरा वर्षं. आत गेला तेव्हा पस्तिशीचा, बाहेर आला तेव्हा पन्नाशीचा. मधल्या काळात कॉन्स्टन्स वारली, अँटिओकवर तिचा मुलगा बसला. 1176 मध्ये सुटका झाली तेव्हा खंडणीची रक्कम 1,20,000 दिनार सांगितली जाते. या पंधरा वर्षांत त्याच्या मनाचं काय झालं याची एक ओळ कुणी लिहिलेली नाही, त्यानेही नाही. अरबी मात्र तो तिथे शिकला असेल. बाहेर पडल्यावर त्याने करक आणि शौबकची मालकीण स्टेफनी हिच्याशी लग्न केलं आणि इथे आला, या काळ्या दगडांत.

त्याचं चरित्र लिहिणाऱ्यांत दोन तट आहेत, आणि ते आजचे नाहीत. तो मेला त्याच्या काही महिन्यांतच ब्ल्वाच्या पीटरने त्याला हुतात्मा ठरवून लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. पुढची कैक शतकं मात्र विल्यमचा रेनाल्डच चालला, लुटारू, अविचारी, राज्य बुडवणारा. विसाव्या शतकात बर्नार्ड हॅमिल्टन या इंग्रज इतिहासकाराने त्याची बाजू नव्याने मांडली, आणि अलीकडे जेफ्री ली यांनी एक आख्खं चरित्रच त्या सुरात लिहिलं. त्यांचं म्हणणं मला मनापासून समजून घ्यायचं होतं, कारण ते पोकळ नाही. विल्यम राजदरबारातल्या ज्या गटाचा, रेनाल्ड त्याच्या विरुद्ध गटाचा, तेव्हा विल्यमची बखर वाचताना हात राखूनच वाचावी लागते. 1177 मध्ये माँजिसारच्या लढाईत सोळा वर्षांचा कुष्ठरोगी राजा बाल्डविन याने सलाहुद्दीनचा जो मोठा पराभव केला, त्यात रेनाल्डचा हात मोठा होता, हे खुद्द मुसलमान लेखक सांगतात. सलाहुद्दीन एक एक शहर गिळत इजिप्तपासून अलेप्पोपर्यंत फास आवळतोय, हे ज्या मोजक्या फिरंग्यांना कळलं त्यांत हा होता. 1181 मध्ये तह चालू असताना त्याने अरबस्तानातल्या तैमापर्यंत धाड घातली. हे लोक म्हणतात की ती नुसती लूट नव्हती, सलाहुद्दीनचा पाय खेचायची चाल होती.

असेल. मी हे सगळं मान्य करते. पण करकच्या लांब, बोगद्यासारख्या दालनांतून चालताना माझ्या मनात एकच येत राहिलं: ज्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं असा यातला माणूस कोण? रेनाल्डला आठशे वर्षांनी का होईना, वकील मिळाला. सलाहुद्दीनचे तर तीन-तीन बखरकार त्याच्या छावणीतच राहत होते. सायप्रसच्या त्या गायवाल्यांना कुणी नाही.

रात्री करकमध्येच राहिलो. ज्या घरात उतरलो तिथल्या काकूंनी मन्सफ केलं होतं. त्याचा जीव म्हणजे जमीद, बकरीच्या ताकाचा चक्का मीठ घालून, वाळवून दगडासारखा केलेला गोळा. करकचा जमीद साऱ्या देशात नावाजलेला. तो कोमट पाण्यात चुरून, ढवळत ढवळत त्याची आंबट कढी होते, आणि तिच्यात मांस शिजतं. काकूंनी तो गोळा माझ्या हातात दिला. खरोखर दगड. दात लागेना. "वेढ्यात टिकेल," मी म्हणाले, आणि भाचीने ते भाषांतर करून सांगितल्यावर त्या गंभीरपणे हो म्हणाल्या. हे घर ख्रिस्ती होतं. करकमध्ये ख्रिस्ती घराणी क्रुसेडर यायच्या कैक शतकं आधीपासून आहेत. 1880 च्या सुमारास त्यांतलीच काही मादाब्याला जाऊन वसली. मी भीत भीत विचारलं, अर्नातबद्दल तुम्हाला काय वाटतं? तोही ख्रिस्तीच ना? काकूंनी ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "तो फिरंगी होता. आम्ही इथले." 2016 च्या डिसेंबरात बंदूकवाले याच किल्ल्यात घुसले होते आणि माणसं मेली होती. ते सांगताना काकूंनी आवाज खाली आणला, कारण आतल्या खोलीत नातवंडं झोपली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकाबाला उतरलो. उंचावरच्या थंडीतून तीन तासांत भर उन्हात. समोर तांबडा समुद्र, आणि एका दृष्टिक्षेपात चार देशांचा किनारा: जॉर्डन, इस्रायल, इजिप्त, सौदी अरेबिया. किनाऱ्यावर पोरं पाण्यात उड्या मारत होती. मी वाळूत बसून राहिले, कारण रेनाल्डचं सगळ्यांत अचाट कृत्य या पाण्यावर झालं.

1182 च्या अखेरीला त्याने जहाजं बांधून घेतली, ती सुटी करून उंटांवर लादली, वाळवंट ओलांडून इथे आणली आणि किनाऱ्यावर पुन्हा जुळवली. तांबड्या समुद्रात त्यापूर्वी फिरंगी जहाज कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन जहाजांनी इथल्याच बेटावरच्या ठाण्याची कोंडी केली आणि बाकीची दक्षिणेला सुटली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ऐधाब बंदरात त्यांनी जाळपोळ केली. हे ऐधाब आपल्याला अगदी परकं नाही. येमेनमार्गे येणारा हिंदुस्थानचा माल तिथे उतरायचा आणि उंटांवरून नाईल नदीकडे जायचा. स्पेनचा मुसलमान यात्रेकरू इब्न जुबैर पुढच्याच वर्षी त्या वाटेने गेला. वाटेवर मिरीची ओझी इतकी दिसली, की मातीइतकी ती स्वस्त असावी असं त्याला वाटलं. ती मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची.

इब्न जुबैरने या स्वारीचं जे ऐकलं ते नोंदवून ठेवलं. सोळाएक जहाजं जाळली. जेद्द्याहून यात्रेकरू घेऊन आलेलं एक जहाज धरलं. येमेनहून व्यापाऱ्यांचा माल आणणारी दोन लुटली. ऐधाबच्या रस्त्यावर एक आख्खा तांडा गाठून त्यातलं कुणीही जिवंत सोडलं नाही. मक्का-मदिनेसाठी किनाऱ्यावर रचून ठेवलेलं धान्य जाळलं. मग ते हिजाझच्या किनाऱ्याला लागले, आणि मदिनेपासून एका दिवसाच्या अंतरावर असताना इजिप्तच्या नौदलप्रमुखाने, हुसामुद्दीन लुलूने, त्यांना गाठलं. पैगंबरांची कबर उकरायला ते निघाले होते अशी अफवा तेव्हा पसरली, आणि मुस्लिम जगातून ती पुन्हा कधी पुसली गेली नाही. खरा हेतू व्यापाराची नाडी तोडणं हाच असावा असं मला वाटतं. पण लोकांनी काय ऐकलं, हेही इतिहासच घडवतं.

इब्न जुबैरने त्यातले कैदी 1183 मध्ये अलेक्झांड्रियात डोळ्यांनी पाहिले. उंटांवर उलटे, शेपटीकडे तोंड करून बसवलेले, भोवती ढोल आणि शिंगं. शरण आलेल्यांना जीवदान द्यावं असं सलाहुद्दीनच्या भावाला वाटत होतं. सलाहुद्दीनने ऐकलं नाही. समुद्रातला रस्ता ज्यांना कळला त्यातला एकही माणूस परत जाता कामा नये, असा त्याचा आग्रह. त्यांची शहराशहरांतून वाटणी झाली आणि डोकी उडवली गेली. दोघांना मक्केजवळ मिना इथे नेऊन मारलं. रेनाल्ड स्वतः त्या जहाजांवर नव्हता, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. तो करकला होता.

त्याची चाल हुशार होती असं म्हणणाऱ्यांना मला हा किनारा दाखवायचा आहे. ज्यांनी जहाजं उंटांवर लादली, वल्ही मारली, आणि पुढे उलट्या उंटांवरून गावोगाव फिरून मेले, तेही त्याचेच लोक होते. अशा माणसाला सेनापती म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

भाची पाण्यातून बाहेर आली, अंग पुसत म्हणाली, "मावशी, तुला त्याचा एवढा राग येतो तर इतक्या लांब त्याच्यासाठी आलीस कशाला?" मी म्हटलं, राग येतो म्हणूनच. आणि तो दुसऱ्या कुणाच्या कामाला येतो म्हणूनही. 2010 मध्ये येमेनच्या अल-कायदाने छपाईयंत्रात स्फोटकं भरून शिकागोच्या पत्त्यावर दोन पार्सलं पाठवली. पकडली गेली म्हणून अनर्थ टळला. त्यातल्या एका पार्सलावर घ्यायच्या माणसाचं नाव होतं रेनाल्ड क्राक. क्राक म्हणजे हाच किल्ला. विमानात सामान चढवणाऱ्या कामगाराला, वैमानिकाला, बाराव्या शतकाशी काय देणंघेणं होतं?

परत येताना आम्ही शौबक लांबून बघितला आणि दुपारी पुन्हा करकला आलो. पहिल्या दिवशी किल्ल्याची वेळ संपल्यामुळे एक भाग राहून गेला होता आणि तोच मला बघायचा होता, मुदपाकखाना. वाटेत गाडीत मी भाचीला शेवट सांगितला.

1186-87 च्या हिवाळ्यात कैरोहून दमास्कसला जाणारा मोठा तांडा तह चालू असताना याने लुटला आणि माणसं करकच्या तळघरात टाकली. त्या तांड्यात सलाहुद्दीनची बहीण होती, ही नंतरची कहाणी. ती दुसऱ्या तांड्यातून सुखरूप गेली. सुटका मागणाऱ्या कैद्यांना, आता तुमच्या पैगंबरांनाच सांगा सोडवायला, असं तो म्हणाल्याचं अरबी लेखक सांगतात. राजा गीने माल परत करायला सांगितला, तर उत्तर आलं, माझ्या मुलुखात मी धनी, माझा मुसलमानांशी तह नाही. सलाहुद्दीनने त्याला स्वतःच्या हाताने मारायची शपथ घेतली. 4 जुलै 1187 ला हत्तीनच्या माळावर, ऐन उन्हाळ्यात, पाण्यावाचून होरपळलेलं जेरुसलेमचं सगळं सैन्य कापलं किंवा धरलं गेलं. गी आणि रेनाल्ड सलाहुद्दीनच्या तंबूत आणले गेले. सलाहुद्दीनने बर्फाने गार केलेल्या सरबताचा पेला गीला दिला. गीने पिऊन तो रेनाल्डकडे केला. सलाहुद्दीन दुभाष्याला म्हणाला, राजाला सांग, याला पाणी त्याने दिलं, मी नाही.

भाचीला हे कळायला वेळ लागला नाही. दारात आलेल्याला गूळपाणी दिलं की तो आपला पाहुणा, हे ती आजोळी बघत वाढली आहे. त्या मुलुखातही कैद्याने धन्याच्या हातचं पाणी प्यायलं की त्याचा जीव सुरक्षित. सलाहुद्दीनने रेनाल्डवर वार केला, बाकीचं त्याच्या माणसांनी पुरं केलं. थरथरणाऱ्या गीला त्याने सांगितलं, राजे राजांना मारत नाहीत, पण याने मर्यादा ओलांडली होती.

चित्रपटांत त्याची गोष्ट इथेच संपते. करकची गोष्ट इथे संपली नाही.

मुदपाकखान्यात उजेड जेमतेम होता. भाचीने मोबाइलचा टॉर्च लावला. ऑलिव्ह भरडायचे मोठे वाटोळे दगड, धान्याच्या नि तेलाच्या कोठारांच्या खोल्या, आणि पुढे अंधारात माणूस वाकून आत जाईल एवढी भट्टी. 1183 च्या नोव्हेंबरात इथे लग्नाचा स्वयंपाक झाला होता. स्टेफनीचा मुलगा हम्फ्री आणि राजाची अकरा वर्षांची बहीण इझाबेला यांचं लग्न. त्याच दिवसांत सलाहुद्दीनचा वेढा पडला. गावकऱ्यांना सामानसुमान घेऊन वेळेत आत यायला रेनाल्डने मनाई केली होती, त्यामुळे गाव गेलं तेव्हा लोक नेसत्या वस्त्रानिशी पुलावरून आत पळाले. नाचे, गवई, पाहुणे, सिरियन शेतकरी, त्यांच्या बायका, पोरं, सगळे या भिंतींत कोंडले गेले. फ्रेंच बखरीत असं आहे की स्टेफनीने लग्नाच्या जेवणातली ताटं शत्रूच्या छावणीत पाठवली, आणि नवरानवरीच्या बुरुजावर दगड टाकू नका असा सलाहुद्दीनने हुकूम दिला. ही गोष्ट वाटाडे आवडीने सांगतात. तेव्हा कुष्ठरोगी राजा मदतीला आला आणि वेढा उठला.

1187 मध्ये यायला राजाच उरला नव्हता. मुलगा कैदेत, त्याच्या बदल्यात दोन्ही किल्ले द्यायला स्टेफनी कबूल झाली, पण इथल्या शिबंदीने दारं उघडली नाहीत. बाईने शब्द राखला, मुलाला परत कैदेत पाठवलं. नंतर सलाहुद्दीनने त्याला सोडलं. करक मात्र वर्षाहून जास्त काळ लढत राहिला, 1188 च्या नोव्हेंबरापर्यंत. आधी धान्य संपलं असेल, मग तेल, मग खोगिरांची जनावरं. शेवटी, फ्रेंच बखरकार लिहितो, किल्ल्यातल्या माणसांनी आपल्या बायका आणि पोरं भाकरीसाठी बाहेर विकली. धनी मरून वर्ष होऊन गेलं होतं.

सलाहुद्दीनने किल्ला घेतल्यावर त्या बायकामुलांचा शोध घेतला आणि त्यांना विकत घेऊन त्यांच्या माणसांच्या हवाली केलं, असंही तोच बखरकार सांगतो. मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण सगळ्या परत आल्या असतील असं मला वाटत नाही.

बाहेरून रखवालदाराची हाक आली. भाचीने टॉर्च भट्टीच्या तोंडात धरला. आत काजळी अजून आहे का, म्हणून मी वाकून हात घातला. दगड गार होता, आणि बोटांना बारीक, कोरडी माती लागली.